'वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट': वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केन केसीची ही कादंबरी १९६२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. आमच्या वाचनगटात ती आजवर चार वेळा वाचून झाली आणि दर वेळी जवळपास तेच प्रश्न आले. त्यातल्या काहींची उत्तरं मला पहिल्या वेळी देता आली नव्हती. आता जमतील तशी एकत्र लिहिते आहे. गोष्टीचा शेवट कुठेही लपवलेला नाही. तो आधी कळायला नको असेल, तर आधी कादंबरी वाचा आणि मग इकडे या.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

ओरेगन राज्यातल्या एका मनोरुग्णालयातला पुरुषांचा वॉर्ड. तिथे नर्स रॅचेडचा अंमल आहे. डॉक्टरसुद्धा तिच्या नजरेच्या धाकात. शेतावरच्या सक्तमजुरीतून सुटका व्हावी म्हणून रॅन्डल मॅकमर्फी नावाचा जुगारी, दंगेखोर, लाल केसांचा गडी वेडाचं सोंग घेऊन या वॉर्डात येतो. आठवड्याभरात या बाईंचा तोल घालवून दाखवतो, अशी तो इतर रुग्णांशी पैज लावतो. ती पैज तो जिंकतो. पण तोवर बाकीची माणसं त्याच्याकडे आशेनं बघायला लागलेली असतात, आणि त्या नजरांमधून त्याला सुटता येत नाही.

या विचित्र नावाचा अर्थ काय?

हे एका इंग्रजी बडबडगीतातलं आहे. आपल्याकडे बोटं मोजत 'करंगळी, मरंगळी' म्हणावं, तसा ही गोष्ट सांगणाऱ्या चीफ ब्रॉम्डन या रुग्णाची आजी लहानपणी त्याच्या बोटांवर खेळ खेळायची. कुणी पूर्वेला उडालं, कुणी पश्चिमेला, आणि एक कुकूच्या घरट्यावरून. बोलीतल्या इंग्रजीत 'कुकू' म्हणजे वेडा, त्यामुळे घरटं म्हणजे इस्पितळ. मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट चटकन सुचते. कोकिळा घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. युरोपातला कुकूही तसाच. म्हणजे कुकूचं घरटं ही मुळात नसलेलीच जागा. केसीच्या मनात हे होतं की नाही, यावर मी वाद घालणार नाही. मला मात्र नाव असंच लागतं.

नायक कोण, मॅकमर्फी की चीफ?

सिनेमा पाहिलेले लोक मॅकमर्फी म्हणतात. पुस्तक वाचलेल्यांनी चीफ म्हणावं, असा माझा आग्रह आहे.

सगळी गोष्ट चीफ सांगतो. त्याचे वडील कोलंबिया नदीकाठच्या मूळ रहिवासी जमातीचे मुखिया, आई गोरी. उंची सहा फुटांच्या बरीच वर, तरी स्वतःला तो लहानखुरा समजतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्पितळात आला तो तिथेच राहिला. हातात सतत झाडू, म्हणून वॉर्डबॉय त्याला 'चीफ ब्रूम' म्हणतात, झाडूवाला मुखिया. त्याला ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही, असंच सगळे धरून चालतात. त्यामुळे नर्सेसच्या बैठकीतही तो फरशी पुसत उभा असतो आणि त्याच्यासमोर काहीही बोललं जातं.

मॅकमर्फी येतो तसाच असतो आणि शेवटी थकतो. बदलतो तो चीफ.

चीफ बहिरेपणाचं सोंग का घेतो?

पुस्तकातला सर्वांत दुखरा भाग याच उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तो दहाएक वर्षांचा असताना सरकारी माणसं त्याच्या वस्तीवर आली. धरणासाठी त्यांना जमीन आणि धबधबा विकत हवा होता. उन्हात उभी राहून ती माणसं घरांबद्दल, घाणीबद्दल, लोकांबद्दल बोलत होती. पोरगा समोरच होता. त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं, तर कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो काही बोललाच नाही असं त्यांनी धरलं. पुढे शाळेत तेच, सैन्यात तेच. म्हणजे चीफनं बहिरेपण आपणहून सुरू केलं नाही. लोकांनीच आधी त्याला बहिरा ठरवलं, त्यानं फक्त ते चालू ठेवलं.

हा धबधबा खरा आहे. कोलंबिया नदीवरचा सेलिलो धबधबा. हजारो वर्षं तिथे पाण्यावर लाकडी माचाणं बांधून सामन मासे धरले जात. द डॅल्स धरणाचे दरवाजे १० मार्च १९५७ ला बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी कादंबरी आली, तेव्हा ओरेगनच्या वाचकांना ही जखम ताजी होती. आमच्या गटातल्या एका काकांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. या पानांवर आल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढे वाचायला नको म्हणाले.

भिंतीतली यंत्रं, धुकं, 'कम्बाइन' हे सगळं खरं आहे की भास?

चीफला ते दिसतं, म्हणून ते पुस्तकात आहे. भिंतींमध्ये यंत्रं घरघरतात. नर्सला हवं तेव्हा वॉर्डात धुकं सोडलं जातं. धुक्याचं मूळ त्याच्या युद्धाच्या आठवणीत आहे, कारण विमानतळ लपवायला तेव्हा खरोखरच कृत्रिम धुकं सोडत. 'कम्बाइन' हे त्यानं सगळ्या व्यवस्थेला दिलेलं नाव. शेतात कापणी-मळणी एकदम करणारं यंत्र असतं, तेच. त्याच्या एका तोंडातून वेगवेगळी माणसं आत जातात आणि दुसरीकडून एकसारखी बाहेर पडतात.

आजाराच्या भाषेत याला भास म्हणतील. पण चीफ सुरुवातीलाच बजावतो की जे घडलं नाही तेही खरं असू शकतं. मॅकमर्फी आल्यावर धुकं विरळ होत जातं. पुस्तक दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा कुठल्या प्रसंगी धुकं दाटतं आणि कुठे ओसरतं तेवढंच बघत जा. चीफची तब्येत त्यावरून कळते.

नर्स रॅचेड कुणाला मारत नाही, ओरडत नाही. मग ती इतकी भयंकर का वाटते?

म्हणूनच वाटते. ती गोड बोलते. 'तुमच्या भल्यासाठी' हे तिचं ठरलेलं वाक्य आहे आणि तिचा त्यावर विश्वासही आहे. वॉर्डात एक वही ठेवलेली असते. दुसऱ्याच्या तोंडून काही कानावर पडलं तर रुग्णांनी त्यात लिहायचं. उपयुक्त चुगली करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपायची मुभा. मग गटचर्चेत एकाला मध्ये घेऊन बाकीच्यांनी त्याला टोचायचं, आणि याला उपचार म्हणायचं. हार्डिंग नावाचा शिकलासवरलेला रुग्ण याचं समर्थन करतो, तेव्हा मॅकमर्फी त्याला कोंबड्यांचं उदाहरण देतो. एकीच्या अंगावर रक्ताचा ठिपका दिसला की बाकीच्या तिथेच चोची मारत सुटतात. खुराडं पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

शाळेत 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून बसलेला आपला वर्ग आठवा. बाई वर्गात नसतानासुद्धा बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला एक मुलगा उभा असायचा. रॅचेडची सत्ता त्या जातीची आहे.

बेसबॉलच्या मतदानाचा प्रसंग इतका गाजलेला का आहे? आम्हाला बेसबॉल कळत नाही.

कळायची गरज नाही. विश्वचषकाचा सामना दुपारी आहे आणि वॉर्डात टीव्ही संध्याकाळीच लावतात, असं समजा.

मॅकमर्फी वेळ बदलण्यासाठी मतदान मागतो. पहिल्यांदा हात वर करायला फारसं कुणी धजत नाही. दुसऱ्या वेळी चर्चेत बसलेले सगळे वीसच्या वीस हात वर होतात. नर्स शांतपणे म्हणते, वॉर्डात रुग्ण चाळीस आहेत, त्यामुळे हे बहुमत नाही. उरलेले वीस म्हणजे कायमचे आजारी, स्वतःशी पुटपुटणारे, खुर्चीला खिळलेले. मॅकमर्फी एकेकासमोर जाऊन उभा राहतो, विनवतो. कुणाला काही कळत नाही. शेवटी तो चीफपाशी येतो.

चीफचा हात वर जातो. आधी तो स्वतःला सांगतो की मॅकमर्फीनंच काही जादू केली, तारा लावून हात वर ओढला. आणि लगेच म्हणतो, नाही, हे खरं नाही. मीच उचलला.

मला विचाराल तर कादंबरी या दोन वाक्यांवर उभी आहे. इतकी वर्षं त्याच्या प्रत्येक हालचालीमागे कुणीतरी दुसरं होतं, यंत्र होतं, धुकं होतं. पहिल्यांदाच तो एका कृतीची जबाबदारी स्वतःवर घेतो. बंड म्हणजे काच फोडणं नव्हे, असं मी म्हणणार नाही, मॅकमर्फी पुढे नर्सच्या खोलीची काचही फोडतो. पण हा हात नसता, तर ती काच फोडण्याला फार अर्थ उरला नसता.

नर्स म्हणते, बैठक संपली होती, हे मत धरता येणार नाही. सामन्याच्या वेळी मॅकमर्फी काम टाकून टीव्हीसमोर जाऊन बसतो. ती वीज बंद करते. तो बसूनच राहतो. एकेक करून बाकीचेही येऊन त्या काळ्या पडद्यासमोर बसतात, आणि पाठीमागे नर्स ओरडत राहते. त्या क्षणी कुणी आत डोकावलं असतं तर सगळेच वेडे आहेत असं म्हटलं असतं, असं चीफ सांगतो. पहिला भाग इथे संपतो. मोठ्यानं वाचून दाखवायला याच्याइतका चांगला प्रसंग मला दुसरा सापडलेला नाही.

बहुतेक रुग्ण स्वतःहून दाखल झालेले असतात. मग ते निघून का जात नाहीत?

हाच प्रश्न मॅकमर्फीला हादरवतो. आपल्याला कोर्टानं पाठवलं आहे आणि नर्स म्हणेल तेव्हाच आपली सुटका, हे त्याला तरणतलावावर योगायोगानं कळतं. मग तो काही दिवस मूग गिळून बसतो. त्याच काळात चेस्विक, त्याचा सर्वांत उत्साही साथीदार, तलावात बुडून मरतो. त्यानंतर त्याला समजतं की हार्डिंग, बिली आणि इतर बरेच जण सही करून केव्हाही घरी जाऊ शकतात. तो चिडून विचारतो, मग इथे का राहता? बिली तोतरत, रडत उत्तर देतो. हिंमत असती तर गेलोच असतो, असा त्याचा अर्थ.

बाहेरचं जग या माणसांना हसतं. आत निदान हसणारे ओळखीचे आहेत. आपल्याकडची परिस्थिती याहून कठीण आहे. इथे बरे झालेले कित्येक जण घरचे न्यायला येत नाहीत म्हणून मनोरुग्णालयात राहतात. 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला जागा आहे का बघा' असं आपण हसत बोलतो, तेव्हा त्या फाटकाच्या आत वाट बघत बसलेली माणसं आपल्या डोळ्यांसमोर नसतात. मीही पूर्वी बोलायचे. आता तोंडातून निघत नाही.

केसीला हे सगळं कुठून माहीत होतं?

तो कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लेखनाचा अभ्यास करत होता. जवळच्या मेन्लो पार्कमधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात पैसे घेऊन त्यानं औषधांच्या प्रयोगांत भाग घेतला. एलएसडीसारखी मनावर परिणाम करणारी द्रव्यं स्वयंसेवकांना दिली जात आणि काय होतं ते नोंदलं जाई. या प्रयोगांमागे सीआयएचा पैसा होता, हे पुढे उघड झालं. त्याच इस्पितळात त्यानं मनोरुग्णांच्या वॉर्डात रात्रपाळीचा मदतनीस म्हणूनही काम केलं. रात्री जागणाऱ्या रुग्णांशी बोलताना त्याला वाटायला लागलं की यातले बरेच जण वेडे नाहीत, फक्त जगाच्या साच्यात बसत नाहीत. हे मत अर्धवट आहे, पण कादंबरी त्यातूनच उगवली.

शॉक आणि लोबोटॉमी खरंच अशा दिल्या जायच्या?

हो. अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली सुमारे ५ लाख ५९ हजार माणसं होती. माणसं खच्चून भरलेली आणि औषधं जवळजवळ नाहीत, अशा काळात मेंदूच्या पुढच्या भागातले धागे कापण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे लोबोटॉमी, फोफावली. ती सुरू करणारे पोर्तुगालचे एगास मोनिझ यांना १९४९ चं नोबेल मिळालं. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन या डॉक्टरनं डोळ्याच्या खोबणीतून दाभणासारखं हत्यार घालून ती झटपट करण्याची पद्धत रूढ केली. माणूस शांत होई, पण बऱ्याचदा माणूस म्हणून उरत नसे. १९५४ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत आलं आणि लोबोटॉमी मागे पडत गेली. कादंबरीत मॅकमर्फीवर शेवटी तीच होते.

विजेच्या शॉकची गोष्ट वेगळी आहे आणि इथे मला वाचकांना हात जोडून सांगायचं आहे. हा उपचार १९३८ साली रोममध्ये सुरू झाला. सुरुवातीला भूल न देता शॉक देत, हाडं मोडत, आणि कादंबरीत दाखवल्याप्रमाणे शिक्षा म्हणूनही त्याचा वापर झाला. आज तो भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन देतात, आणि तीव्र नैराश्यात तो जीव वाचवतो.

माझ्या मावशीनं खाणं सोडलं होतं. डॉक्टरांनी शॉकचा सल्ला दिला. मावसभावानं कॉलेजात हा सिनेमा पाहिलेला. 'आईला शॉक? मी जिवंत असेपर्यंत नाही,' म्हणाला. दोन महिने गेले, मावशीचं वजन चौतीस किलोवर आलं, तेव्हा त्यानं सही केली. मी दाराबाहेर होते. हाताला सुई, तोंडात रबराचा तुकडा, सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. चौथ्या वेळेनंतर तिनं चहाचा घोट घेतला आणि विचारलं, 'साखर कमी का घातलीस गं?' मी कोपऱ्यात जाऊन रडले. त्या महिन्यातलं तिला फारसं काही आठवत नाही. मावसबहिणीचा साखरपुडा त्यात पुसला गेला तो कायमचाच. हे नुकसानही खरं आहे, आणि ते मान्य करूनच मी पहिलं सांगते आहे.

आज भारतात कुणालाही असं डांबून ठेवता येतं का?

कायद्यानं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. स्वतःहून दाखल झालेल्या सज्ञान माणसानं घरी जायचं म्हटलं तर त्याला सोडावं लागतं. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं, तेही ठरावीक कारणांसाठी. भूल न देता शॉक देण्यावर आणि साखळीनं बांधण्यावर बंदी आहे. मेंदूची शस्त्रक्रिया रुग्णाच्या संमतीशिवाय आणि या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्कही या कायद्यात आहे. तो फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. कायदा कागदावरून वॉर्डापर्यंत किती पोचतो, हे जागेवर जाऊनच बघावं लागतं.

तुम्हाला किंवा घरात कुणाला मदत हवी असेल तर सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

यातल्या बायका आणि कृष्णवर्णीय माणसं वाचताना खटकतात. आम्ही चुकीचं वाचतोय का?

नाही, बरोबर वाचताय. पुस्तकातल्या बायका एकतर पुरुषाला दाबणाऱ्या, नाहीतर मौजेला बोलावलेल्या. बिलीची आई, हार्डिंगची बायको, नर्स, सगळ्या एकाच माळेच्या. वॉर्डबॉय कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांच्यासाठी वापरलेले शब्द आज तोंडात घेववत नाहीत. मॅकमर्फीवर पंधरा वर्षांच्या मुलीसंबंधीचा गुन्हा आहे आणि तो त्याची फुशारकी मारतो. शेवटी तो नर्सचा गळा धरतो, पण त्याआधी तिचा गणवेश फाडतो. तिची सत्ता मोडायला तिचं बाईपण उघडं करावं लागलं, हे मला पहिल्या वाचनात बोचलं आणि चौथ्यातही बोचलं. एका अन्यायाविरुद्ध लिहिताना केसीला दुसरा दिसला नाही. मी ही पानं गाळून वाचत नाही, गटातही गाळू देत नाही.

सिनेमा पाहिलाय. आता कादंबरी कशाला?

कारण सिनेमात चीफ गोष्ट सांगत नाही. मिलॉश फोरमनचा १९७५ चा सिनेमा उत्तम आहे. त्याला चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्करं मिळाली. चित्रीकरण सेलममधल्या खऱ्या ओरेगन राज्य इस्पितळात झालं आणि तिथल्या अधीक्षकांनीच डॉक्टरची भूमिका केली. नर्सची भूमिका करणाऱ्या लुईस फ्लेचरचे आईवडील बहिरे होते, म्हणून तिनं ऑस्कर घेताना त्यांचे आभार हातांच्या खुणांनी मानले. पण चीफचं डोकं, धुकं, धबधबा यातलं काहीच पडद्यावर नाही. केसीलाही तेच लागलं होतं.

'क्यों की' यावरूनच ना?

प्रियदर्शनचा १९८६ चा मल्याळम 'तालवट्टम' या गोष्टीचा सैल आधार घेतो आणि २००५ चा हिंदी 'क्यों की' त्यावरून केलेला आहे. त्यात प्रेमकथा मध्यावर आहे, इथे ती नाहीच.

शेवटी मॅकमर्फी हरतो का?

नर्स त्याला लोबोटॉमी करून वॉर्डात परत आणते, सगळ्यांनी बघावं म्हणून. तोवर तिचा आवाज गेलेला असतो आणि ती कागदावर लिहून बोलते. रुग्ण एकेक करून सह्या करून घरी गेलेले असतात. रात्री चीफ उशीनं मित्राचा श्वास थांबवतो. मग तो जलोपचाराच्या खोलीतलं अवजड यंत्र उचलतो. तेच यंत्र मॅकमर्फीला हललं नव्हतं, पण निदान प्रयत्न तरी केला, असं तो म्हणाला होता. ते खिडकीतून फेकून चीफ पळतो. त्याला आधी नदीकाठचं आपलं गाव बघायचं आहे. त्यानं ऐकलंय की जमातीतले काहीजण त्या नव्या धरणावरच जुनी लाकडी माचाणं बांधून मासे मारू लागलेत.

सुरुवातीची पानं डोक्यावरून जातात. सोडून द्यावं का?

नका सोडू. पहिली वीस-पंचवीस पानं चीफच्या धुक्यातून वाचावी लागतात, ती अडखळणारच. निदान च्युइंग गमच्या रात्रीपर्यंत जा. चीफकडे पैसे नसतात, म्हणून तो चघळून झालेलं गम पलंगाखाली चिकटवून पुन्हा पुन्हा वापरत असतो. एका रात्री वॉर्डबॉय ते खरवडून काढतो. शेजारच्या पलंगावरून मॅकमर्फी अंधारात त्याच्यापुढे नवं कोरं पाकीट धरतो. आणि चीफ, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा तोंड उघडून 'थँक यू' म्हणतो.